फ्रान्सवाल्यांची पगारी सुट्टी

आमच्या सेलूच्या घरात भिंतीवर एका फ्रेंच माणसाचा फोटो होता. गोल चष्मा, जाड मिशा, अंगात कोट. कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकातून कापून यांनी तो काचेत बसवून घेतला होता. हे म्हणजे माझे यजमान. देवाचा एकही फोटो त्यांना घरात चालत नसे, आणि या परक्या माणसाची काच मात्र दर रविवारी मीच पुसायची. स्टेशनकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या बाया आमच्याकडं यायच्या. त्यांच्यातली एक म्हातारी, जिला सगळ्याच मावशी म्हणायच्या, पहिल्यांदा घरात आली ती थेट फोटोला हात जोडून म्हणाली, "बाई, तुमचे सासरे लय रुबाबदार व्हते की!"

मी म्हटलं, "सासरे कशाचे मावशी, सवत हाय ती माझी."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हे आत चपला शोधत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. तसंही माझं त्यांना फारसं ऐकू जात नसे.

तो माणूस म्हणजे फ्रान्सचा एक समाजवादी पुढारी, एके काळचा तिथला पंतप्रधान. त्याचं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही, म्हणून मी त्यांना फ्रान्सवाले म्हणायची. पुढं घरात, पक्षात, सगळीकडं तेच नाव पडलं. हे हैदराबादला कॉलेजात होते तेव्हा कुणा प्रोफेसरांनी त्यांना या माणसाची हकीकत सांगितली, आणि तिथून फ्रान्सवाले यांच्या डोक्यात जे येऊन बसले ते उठलेच नाहीत. ती हकीकत मला झोपेतसुद्धा सांगता येईल, इतक्यांदा मी ऐकलीय. कायदा शिकलेला, पुस्तकांवर लिहिणारा, खाऊनपिऊन सुखी माणूस. त्यानं सगळं सोडून राजकारण धरलं. विरोधकांनी भर रस्त्यात गाडी अडवून त्याला रक्तबंबाळ केलं, तरी पुढच्या निवडणुकीत तो जिंकून पंतप्रधान झाला. कामगार कारखाने अडवून आतच बसले होते. त्यांना त्यानं कामाचे तास कमी करून दिले आणि वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी दिली. वर्षभरात त्याचं सरकार पडलं. मग लढाई आली, तुरुंग आला, खटला आला, जर्मनांची छावणी आली. त्यातून जिवंत परत आला, पुन्हा थोडे दिवस पंतप्रधान झाला आणि मग गेला.

हे सांगायचे छान, त्यात काही खोट नाही. चेहरा असा उजळायचा, की मीसुद्धा पोळपाट बाजूला ठेवून ऐकायची. मग एकदा विचारलं, "बरं, त्यांच्या बायकोचं काय?"

"कोणत्या?" हे म्हणाले. "तीन झाल्या. पहिल्या दोघी वारल्या."

"मग बरोबर हाय. एका बाईच्यानं व्हणारं काम नव्हतंच ते."

"तिसरी तर आपणहून त्यांच्यामागं छावणीत गेली होती, कळलं का?"

"मी न्हाई येणार. आधीच सांगून ठेवते."

दुसऱ्या एका दिवशी सांगायला लागले, की तिथल्या बायकांना मताचा हक्कसुद्धा नव्हता, त्या काळात या गृहस्थानं तीन बायकांना मंत्रिमंडळात घेतलं. मी म्हटलं, "मग त्यांच्याकडं चहा कोण करत व्हतं?" यावर हे हसले आणि हसत हसत म्हणाले, "बरी आठवण केली, चारपाच जण यायलेत. जरा आधण ठेव."

मी जिल्हा परिषदेच्या कन्याशाळेत शिक्षिका. आम्हाला मूलबाळ झालं नाही. घर भरलेलं असायचं ते कार्यकर्त्यांनी. मानवतहून कुणी आला, वालूरहून कुणी आला, परभणीची गाडी चुकली म्हणून कुणी मुक्कामाला राहिला. सकाळी शाळा, दुपारी त्यांची जेवणं, संध्याकाळी बैठकीचा चहा, आणि रविवारी धुणं, दळण, निवडणं, फोटो पुसणं. रविवार नावाचा वार माझ्या वाट्याला आलाच नाही. पाय सुजायचे, कंबर धरायची. डॉक्टर म्हणाले, "बाई, विश्रांती घ्या." मी म्हटलं, "कुठून घेऊ ते पण लिहून द्या."

यांच्या भाषणात एक जागा यायची. पगारी सुट्टी मिळाल्यावर फ्रान्समधले मजूर बायकापोरांना घेऊन, कुणी सायकलीवर, कुणी आगगाडीनं, समुद्रावर गेले. जन्मभर समुद्र न बघितलेली माणसं पाण्याशी उभी राहिली. इथं यांचा आवाज मऊ व्हायचा. कुठलाही समुद्र यांनीही बघितला नव्हता, मीही नाही. पण ती जागा आली की माझा हात कामातच थांबायचा. मला वाटायचं, समुद्र राहू द्या. जिंतूरपलीकडं यलदरीचं धरण झालंय, एवढं मोठं पाणी अडवलंय म्हणतात, तिथं एकदा यांनी मला न्यावं. एक दिवस. दोघंच. हातात झेंडा नाही, मागं कार्यकर्ते नाहीत. मी बोलूनही दाखवलं होतं. हे म्हणायचे, "जाऊ की, पुढच्या रविवारी." पुढचा रविवार म्हटलं की मला राग यायचा, कारण तो कुठल्याच पंचांगात नव्हता.

मग आणीबाणी आली. पोलीस आले तेव्हा हे दाढी करत होते. अर्धी दाढी राहिलेल्या माणसाला काय नेता, पुरी करू द्या, असं मीच त्यांना दटावलं. फौजदार बिचारा दारात थांबला. यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवलं. फोटो भिंतीवर राहिला आणि घर एकदम गप्प झालं. जे रोज चहाला यायचे ते दुसऱ्या गल्लीनं जायला लागले. जिनिंगच्या बाया तेवढ्या यायच्या, पण मागच्या दारानं.

भेटीला गेले तेव्हा हे वाळलेले दिसले. मध्ये जाळी होती. मला वाटलं, घरचं काही विचारतील. हे म्हणाले, "फ्रान्सवाल्यांनी तुरुंगात असताना एक पुस्तक लिहिलं होतं."

माझं डोकंच उठलं. मी म्हटलं, "तुमी काहीबी लिहा. मला एवढं सांगा, सुटल्यावर मला यलदरीला नेता का न्हाई?"

यांनी शिपायाकडं बघितलं. मग जाळीपाशी येऊन हळूच म्हणाले, "ऐक. सुटलो की जिनिंगच्या बायांना पगारी सुट्टी मिळवून देतो. ज्या दिवशी त्यांची पहिली सुट्टी, त्या दिवशी आपलीपण. यलदरीला नेतो तुला. शब्द आहे."

शिपाई चला म्हणाला म्हणून बरं, नाहीतर मी तिथं रडले असते. शब्द देतानासुद्धा या माणसानं मधे कामगार आणलेच, हे गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. पण शब्द तो शब्द. मी तो धरून ठेवला.

हे सुटले. गावानं हार घातले. ज्यांनी गल्ली बदलली होती त्यांचे हार सगळ्यात मोठे होते. यांचा पक्ष नव्या मोठ्या पक्षात विरघळला आणि सगळे म्हणायला लागले, की आता विधानसभेचं तिकीट यांनाच. आधी हे दोनदा उभे राहून पडलेले, दोन्हीदा डिपॉझिट गेलेलं. या वेळी वारं आहे म्हणायचे. तिकीट मिळालं ते कालपर्यंत सत्तेत असलेल्या एका बागाईतदाराला. हे परभणीहून परत आले, टोपी खुंटीला लावली, फोटोकडं बघत उभे राहिले.

"यांचंपण घरच्याच लोकांनी सरकार पाडलं होतं," हे म्हणाले.

मी ताट वाढलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. तिकीट मिळालं असतं तर तो शब्द मुंबईला गेला असता. पण यांचा चेहरा बघून मीही माझं ताट झाकून ठेवलं. एवढी वर्षं घासली आणि शेवटी हातात काय, तर जिनिंगच्या मूठभर बायांची सुट्टी, आणि तीही मिळायची होती.

जिनिंगचं काम हंगामी, दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालायचं. त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि कारखाना वारच पाळायचा नाही. बाया यंत्रात कापूस लोटायच्या, सरकी वेगळी करायच्या. भुवयांवर, डोक्यावर, पापण्यांवर पांढरं बसलेलं, आणि सारखा खोकला. बऱ्याचशा बौद्धवाड्यातल्या, काही मुसलमानांच्या, काही कुणबिणी. पूर्वी जातीजातीचे पाण्याचे रांजण वेगळे होते. ते एक करायला यांना दोन हंगाम लागले होते, आणि त्याबद्दल गावात कुणी हार घातले नव्हते.

तिथली एक रीत होती. सकाळी भोंगा झाला की बाया फाटकातून एकेक आत जायच्या आणि मुकादम प्रत्येकीच्या तोंडाकडं बघायचा. तोंड दिसलं की हजेरी, नाही दिसलं की खाडा. ताप असो, घरात मयत असो, खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. बायांच्या आया त्याच फाटकातून गेल्या होत्या. तोंड दाखवल्याशिवाय मजुरी मिळते, ही गोष्ट त्यांच्या घराण्यात कधी घडलीच नव्हती.

त्या हंगामात हे इरेला पेटले. मोर्चा काढला, फाटकापुढं बसले, कामगार अधिकाऱ्याकडं खेटे घातले. ऐन हंगामात काम थांबतंय म्हटल्यावर मालक वाकला. आठवड्यातून एक दिवस, रविवार, कारखाना बंद आणि मजुरी चालू. बायांनी आमच्या अंगणात गुलाल उधळला. मावशीनं फोटोलाही गुलालाचं बोट लावलं. ती काच पुसताना पहिल्यांदाच मला चिडचिड झाली नाही.

"मग?" मी यांना विचारलं.

"मग काय? रविवारी सकाळची जिंतूरची गाडी. शब्द आहे ना."

शनिवारी मी तव्यापुढून उठलेच नाही म्हणा ना. धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, दही बांधून ठेवलं. रविवारी सकाळी लग्नानंतर घेतलेलं निळं लुगडं नेसले. यांनीसुद्धा धुतलेला सदरा घातला होता. आम्ही कुलूप हातात घेतलं आणि दारात शेजाऱ्यांचा गडी आला.

"भाऊ, जिनिंगपुढं बाया बसल्यात. समद्या."

"कशाला?"

"काय की. फाटक लावलंय आन बाया बसल्यात."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जावा. तुमचा जीव न्हाई राहायचा."

"हा आलोच बघ. तू कुलूप लावून ठेव."

मी उंबऱ्यावर बसले, मांडीवर डबा. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, काय बाई, कुठं निघालाव. आधी हसून सांगितलं, मग नुसती मान हलवली. उन्हं अंगणात आली. स्टँडकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला, तीच असणार असं वाटलं आणि तीच होती. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात आग पेटली. म्हटलं, आज चारचौघांत विचारते या माणसाला. डबा काखेत मारला आणि तरातरा जिनिंगकडं निघाले.

बघते तर काय! बंद फाटकापुढं मातीत सगळ्या बाया ओळीनं बसलेल्या. फडक्यात भाकऱ्या, मांडीवर पोरं. आणि हे त्यांच्यापुढं उभे राहून फ्रान्स सांगायलेत. मजूर सायकलींवर कसे निघाले, समुद्रावर कसे गेले. बाया ऐकत होत्या, पण उठत कुणी नव्हतं.

"काय झालंय?" मी मावशीला विचारलं.

"काय व्हायचंय बाई? सुट्टी हाय न्हवं आज."

"मग घरी बसा की!"

"आन खाडा धरला म्हंजे?" मावशी म्हणाली. "तोंड न्हाई बघितलं आन मजुरी देतो म्हनलं, असं कुठं असतंय व्हय? उद्या मुकादम म्हनंल, तू दिसलीच न्हाईस. आमी आपलं हितंच बसतो सांजपस्तोर. येईलच की तो कवातरी."

मुकादमालाही सुट्टी होती. तो घरी ढाराढूर झोपला असणार. मी यांच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांची यांची कमाई मातीत भाकऱ्या घेऊन बसली होती आणि हलायला तयार नव्हती. यांच्या कपाळावर घाम होता, आवाज बसला होता. यांनी माझ्या काखेतला डबा बघितला, निळं लुगडं बघितलं, आणि खाली बघायला लागले. माझा राग होता तिथंच होता, पण तो काढायला जागा सापडेना. या माणसावर ओरडायचं तरी किती, असं झालं मला.

मी डबा खाली ठेवला आणि वर्गात लावते तसा आवाज लावला. "उठा! समद्या उभ्या ऱ्हावा. ओळीत."

बाया दचकून उठल्या. त्यांच्या कितीतरी पोरी माझ्या वर्गात होत्या, माझा आवाज त्यांच्या घरी माहीत होता.

"मी सरकारी मास्तरीण हाय. मी घेतलेली हजेरी कलेक्टरसुद्धा खोटी म्हणत न्हाई. मी एकेकीचं तोंड बघते. मी बघितलं म्हणजे बघितलं. उद्या मुकादमानं खाडा धरला तर मी इथं येऊन सांगीन. कळलं?"

कलेक्टरचं मी आपलं ठोकून दिलं होतं. मावशी पदर झटकत म्हणाली, "हे चालंल."

मग मी ओळीतून गेले. प्रत्येकीपुढं थांबायची, तिच्या तोंडाकडं बघायची, आणि ती म्हणायची, "हाजर, बाई." काही लाजून, काही ठसक्यात, पोरी सांगतात तशा. सुट्टीचा दिवस, अंघोळी झालेल्या, तरी भुवयांत पांढरं राहिलंच होतं. डोळ्यांखाली काळं. या बाया माझ्या अंगणात किती वर्षं येत होत्या, मी त्यांना चहा दिला होता, पण अशी तोंडं कधी बघितली नव्हती. दमलेलं तोंड कसं असतं ते मला शिकवायची गरज नव्हती, आरसा होता घरी. तरी सगळी दमलेली तोंडं एका ओळीत बघितली आणि एकेकीपुढं मी जास्त वेळ थांबायला लागले.

शेवटी मावशी. "हाजर, बाई," ती म्हणाली आणि जागची हलली नाही. "आन तुमची हजेरी कुनी घ्यावं?"

"माझी कशाला?"

"तोंड लय उतरलंय. कुठं निघालाव नटून?"

"यलदरीला. पाणी बघायला."

"भाऊसंग?"

"हाव."

सगळ्या बाया वळून यांच्याकडं बघायला लागल्या. इतकं अवघडलेलं मी यांना फौजदारापुढंही बघितलं नव्हतं. "जायलोय की, जायलोय," हे म्हणाले. तेवढ्यात फाटकाचं छोटं दार उघडून मुनीम बाहेर आला. शेटजी आत आलेत, बाया फाटकावर कशाला जमवल्या म्हणून चिडलेत, सुट्टीचं पुन्हा बोलायचं म्हणतेत.

बाया जिथल्या तिथं थांबल्या. आत्ता मिळालेली सुट्टी आत्ताच जायची वेळ. जायलाच पाहिजे होतं यांना, मलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग आला.

"तू हो पुढं," हे हळू आवाजात म्हणाले. "दुपारची गाडी आहे. स्टँडवर थांब, मी आलोच."

मी स्टँडवर थांबले. बाकावर, डबा मांडीवर घेऊन. दुपारची गाडी लागली. कंडक्टरनं जिंतूर, जिंतूर म्हणून हाका मारल्या. मी रस्त्याकडं बघितलं, स्टेशनकडून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं. घंटी वाजली तेव्हा मी गाडीत चढले. मी चढले हे मला चढल्यावर कळलं.

एकटीनं कुठं जायची सवय नव्हती. जिंतूरला गाडी बदलली, धरणावर उतरले. आणि पाणी! आगं माय, काय ते पाणी. नजर जाईल तिथपर्यंत. वाऱ्यानं त्याच्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. मी कडेला उभी राहिले आणि पहिला विचार आला तो हाच, की हे आता असते तर किती बोलले असते. मग वाटलं, बरं झालं नाहीत. मग पुन्हा वाईट वाटलं. एका लिंबाच्या झाडाखाली बसून दोन धपाटे खाल्ले, यांचे दोन तसेच बांधून ठेवले, आणि जरा टेकावं म्हणून पदर डोक्याखाली घेतला.

मी झोपले. यलदरीला जाऊन मी झोपले! ना चहाचं आधण, ना दाराची कडी. जागी झाले ती कुणीतरी खांदा हलवत होतं म्हणून. टपरीवरची बाई होती. "उठा माय, शेवटची गाडी लागली." पाण्यावर ऊन तिरपं झालेलं. इतक्या वर्षांच्या हट्टाचं पाणी मी बघितलं ते डोळा लागेपर्यंत. बाकी सगळी सुट्टी झोपेत गेली, आणि तशी झोप मला त्याआधी कधी लागली नव्हती, त्यानंतरही नाही.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. यांनी चूल पेटवून भात टाकला होता, तो खाली लागला होता.

"टिकली का सुट्टी?" मी विचारलं.

"टिकली. लेखी घेतलं त्याच्याकडून." मग भाताचं पातेलं उतरवत म्हणाले, "कसं होतं पाणी?"

"लय होतं."

"मी स्टँडवर आलो होतो. गाडी गेली होती."

"व्हय का," मी म्हटलं. यांच्यापुढं दोन धपाटे ठेवले. झोपल्याचं सांगितलं नाही. ती झोप मला माझ्याजवळ ठेवायची होती.

पुढच्या रविवारी फाटकापुढं थोड्याच बाया बसल्या, त्याच्या पुढच्या रविवारी मावशी एकटी, आणि मग तीही यायची थांबली. हंगाम संपत आला तेव्हा जिनिंगसमोर सभा झाली. मी मागं बायांमध्ये बसले होते. हे उठले आणि सुरू झाले. फ्रान्स, डोकं फोडलं, पंतप्रधान, पगारी सुट्टी, सायकली, समुद्र. मी पायाची बोटं चोळत होते. मला सगळं पाठ होतं.

पण समुद्रापाशी हे थांबले. म्हणाले, "फ्रान्सचं लांब राहिलं. आपल्या सेलूत आपली पहिली पगारी सुट्टी झाली, त्या दिवशी इथली एक कामगार बाई यलदरीला गेली. जन्मात एवढं पाणी तिनं बघितलं नव्हतं. दिवसभर पाणी बघत बसली."

मावशीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मला आधी संतापच आला. जाळीमागचा शब्द यांनी मोडला, आणि आता त्याचं भाषण केलं! आणि कामगार बाई म्हणे. कुठल्या जिनिंगची? मग माझ्या ध्यानात आलं, की यांच्या एवढ्या वर्षांच्या भाषणांत मी आज पहिल्यांदाच आले होते.

यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"एकटीच गेली ती," हे म्हणाले. "तिच्या घरच्याला वेळ नव्हता."

लोकांना वाटलं भाषणातलीच जागा आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाया मात्र एकही टाळी न वाजवता बसून राहिल्या. मावशीनं न बघता माझा हात धरला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही. तिचा तळवा खरखरीत होता आणि मला रडू येत होतं.

घरी जाताना हे दोन पावलं पुढं चालत होते, नेहमीसारखे. गल्लीच्या तोंडाशी थांबले, मी गाठीन म्हणून. मी गाठलं.

"पुढच्या रविवारी जाऊ," हे म्हणाले. "दोघं."

"हं," मी म्हटलं, आणि कुलूप उघडलं. आत मानवतची माणसं येऊन बसणार होती, त्यांच्यासाठी आधण ठेवायचं होतं.